डोळे कुणाच्या हातचे

रोह्याला सासरी दुपारची भांडी घासत होते, तेव्हा आप्पांचा फोन आला. "कुसुम गेली गो..." एवढंच बोलले. त्याला आता महिना होईल. कुसुमआत्या म्हणजे आप्पांची धाकटी बहीण. हमरापूरला आमचा गणपतींचा कारखाना आहे, तिथे मूर्तींचे डोळे तीच आखायची. रंग आप्पांचा, डोळे आत्याचे. आणि नाव? नाव फक्त आप्पांचं.

माझे सासरे दरवर्षी मूर्ती न्यायला आले की म्हणायचे, "व्याही, काय डोळे काढता हो! खरंच बघतोय असं वाटतं." आप्पा नुसते हसायचे. खिडकीपाशी पाटावर बसलेली आत्या मान वर करायची नाही, पण तिचा ब्रश थांबायचा. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एका वर्षी तिनं ब्रशच खाली ठेवला. "दादा, यंदा तूच आख." आप्पाही हट्टी, बसले आखायला. ती मूर्ती कुठे बघत होती, देव जाणे! शेवटी आप्पांनी गुपचूप ते डोळे पांढऱ्या रंगानं पुसले आणि मूर्ती तिच्या पाटासमोर आणून ठेवली.

"तोंडानं सांग की, तुझ्याशिवाय जमत नाय म्हणून," आत्या म्हणाली.

"आणि तू? माझ्या रंगाला जन्मात कधी बरा म्हटलंस?"

मग तिनं ब्रश उचलला. तोवर मला वाटायचं, मानाची भूक एकट्या आत्यालाच आहे. भुकेले दोघंही होते, आणि गिऱ्हाइकांच्या कौतुकानं ती भागत नव्हती. हवा होता एकमेकांचा एक शब्द, आणि तो आधी कोण देणार यातच सगळी वर्षं गेली. पुढेही आप्पा रंगवलेली मूर्ती तिच्यापुढे ठेवायचे आणि फडक्याला हात पुसत उगाच घुटमळायचे. ती काही न बोलता कामाला लागायची. कसली गो ही माणसं!

परवा सासऱ्यांबरोबर मूर्ती ठरवायला माहेरी गेले. सासरे सवयीनं म्हणाले, "व्याही, डोळे मात्र तुमच्याच हातचे हवेत हो."

"ते माझे कधीच नव्हते," आप्पा म्हणाले. "कुसुमचे होते. माझ्यानं जमत नाय."

मला रडू फुटलं, आणि रागही आला. हे ती ऐकायला होती तेव्हा बोलला असतात तर काय बिघडलं असतं, आप्पा?

आप्पांनी नुकतीच रंगवलेली मूर्ती उचलली, आत्याच्या रिकाम्या पाटासमोर ठेवली आणि फडक्याला हात पुसत तिथेच उभे राहिले...