जीपीएसची निळी तार

सोल्डरच्या राळेचा वास आला की मला यवतमाळच्या धावपट्टीवरची एक दुपार आठवते. कपाशीच्या वाईट वर्षांतले ते दिवस. ढगांत मीठ फवारून पाऊस पाडायला एक छोटे विमान आले होते आणि वैमानिकाला आपले हातात मावणारे जीपीएस ऑटोपायलटला जोडून हवे होते, म्हणजे विमान नेमके ढगाकडे वळेल. लोहारा गावातल्या आमच्या वर्कशॉपमधून मी आणि आमचे मिस्त्रीकाका गेलो. काकांची दुबार पेरलेली कपाशी नेरला सुकत होती आणि ढगही नेरवरच जमत होते. घरांच्या वायरिंगच्या सवयीने आम्ही रंगाला रंग जोडला, निळीला निळी. ऑटोपायलटचा काटा हलेना. “पोरी, तारा तर बराबर हायेत, मंग हे काहून ऐकून नाही राह्यलं?” काकांनी विचारले. मी दोन्ही यंत्रांची माहितीपुस्तके शेजारी ठेवून पाहिली. दोन्ही निळ्या तारा माहिती पाठवणाऱ्या होत्या. ऑटोपायलटची ऐकणारी तार पिवळी होती. “म्हंजे दोघंबी बोलूनच राह्यले, आमच्या घरच्यावानी,” काका म्हणाले. निळी पिवळीला जोडताच काटा वळला आणि थोड्या वेळात विमान उडाले. दुसऱ्या दिवशी काका नेरहून चिखलाने भरलेल्या चपला घालून कामावर आले. माझ्या वहीत त्या कामापुढे ‘पूर्ण’ अशी खूण आहे; तो पाऊस विमानाने पाडला की येणारच होता, हे मात्र मला अजून कुणाला तरी विचारायचे आहे.