अक्कांचा लाल पेला

आमच्या हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर-ऑफिसात साहेबांपेक्षा प्लास्टिकच्या एका लाल पेल्याचा दरारा जास्त आहे. पेला अक्कांनी आणलेला, आणि नियमही अक्कांचाच. डेटाबेसमधली एखादी नोंद हातानं दुरुस्त करायला जो बसेल, त्यानं पेला आपल्या टेबलावर उपडा ठेवायचा आणि दुरुस्ती पक्की होईपर्यंत जागचं हलायचं नाही. कारण दुरुस्ती अर्धवट राहिली की त्या नोंदीला कुलूप बसतं, आणि बाकीचे दारात ताटकळतात. एकदा मी पेला ठेवून चहाला सटकलो. अक्का पेला घेऊन थेट कँटीनमध्ये आल्या आणि सगळ्यांदेखत तो माझ्या डोक्यावर पालथा घातला. "बस असाच. शोभतोय."

अक्का सत्तावन्न वर्षांच्या. याच हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये शिडीवर चढून फायली काढण्यापासून त्यांनी सुरुवात केली. फायली कॉम्प्युटरमध्ये गेल्या, तशा त्यांच्या मागोमाग अक्काही गेल्या. आमच्या शाळेतला एकुलता एक कॉम्प्युटर मुख्याध्यापकांच्या खोलीत टॉवेल पांघरून झोपलेला असायचा, त्यामुळे मला जे काही येतं ते अक्कांच्या शेजारी बसून आलेलं आहे. काही बंद पडलं की बाकीचे विचारतात, "काय बिघडलं?" अक्का विचारतात, "कोण कुणासाठी थांबलंय?"

त्या मंगळवारी अक्का रजेवर होत्या, म्हणजे चौथ्या मजल्यावरच्या वॉर्डात होत्या. त्यांच्या धाकट्या भावाच्या पित्ताशयात खडे झालेले, आणि ऑपरेशन एक वाजता. भाऊ बावन्न वर्षांचा, अंगानं दणकट, पण सुईचं नाव काढलं की पांढराफटक. दोनदा तो हॉस्पिटलच्या फाटकातून पळून गेला होता. या वेळी अक्कांनी त्याला अक्षरशः दंडाला धरून आणलेलं. रक्त गोठण्याचा रिपोर्ट साडेबारापर्यंत स्क्रीनवर दिसला तर आत घेणार, नाहीतर पुढचा आठवडा. आणि पुढच्या आठवड्यात हा गडी कुठल्या गावाला असेल, हे अक्कांनाही सांगता आलं नसतं.

नेमके अकराच्या सुमाराला सगळ्या वॉर्डांत रिपोर्ट दिसायचे बंद झाले.

हॉस्पिटलचा कारभार लहान लहान सर्व्हिसेसमध्ये, म्हणजे एकेका कामाच्या वेगळ्या प्रोग्राममध्ये, वाटलेला आहे. आमच्या सर्व्हिसचं काम एकच, लॅबचे रिपोर्ट वॉर्डांना दाखवणं. डेटाबेसशी बोलायला तिच्याकडं वीस कनेक्शनं. लॉगमध्ये ओळीमागून ओळ येत होती: कनेक्शन शिल्लक नाही, कनेक्शन शिल्लक नाही. दहा वाजता मीच त्या प्रोग्राममध्ये एक बदल चढवला होता. बदल मागं घेतला, फरक नाही. सर्व्हिस बंद करून पुन्हा चालू केली; दोन मिनिटं झकास चालली आणि परत ठप्प. साहेब माझ्या खुर्चीमागं उभे राहून दर मिनिटाला "काय झालं?" विचारत होते. विचारून दुरुस्त होत असतं, तर तेवढ्यात तीनदा झालं असतं.

बारा वाजता हार मानून चौथा मजला गाठला. अक्का स्टुलावर बसून फोनवर बोट आपटत होत्या. भाऊ हिरव्या झग्यात, हातात पेला धरून चूळ भरत होता. पाणी प्यायला बंदी, तोंड ओलं करायला तेवढी परवानगी.

"बरं झालं आलास," अक्का म्हणाल्या. "रिपोर्ट उघडेना रे. तासभर दाबतेय."

"अक्का, राहू दे ना," भाऊ म्हणाला. "मशीनच नको म्हणतंय. मी चपला घालतो."

"पाय वर घे आधी!" त्याला दटावून आणि सिस्टरला पहाऱ्यावर बसवून अक्का माझ्याबरोबर खाली आल्या.

"कोण कुणासाठी थांबलंय ते काढ."

यादी काढली. वीसच्या वीस कनेक्शनं एकाच पेशंटच्या नोंदीपाशी अडलेली. रिपोर्ट उघडला की कुणी पाहिला ते आमची सर्व्हिस त्या पेशंटच्या नोंदीत लिहिते. नोंदीला कुलूप, म्हणून प्रत्येक वेळी एकेक कनेक्शन दारात जाऊन उभं राहिलेलं, आणि बाकीच्या वॉर्डांना एकही उरलं नव्हतं.

"एकाच पेशंटसाठी वीस? कुणाचं बोट एवढं खाजतंय?"

मी नाव दाखवलं. नाव अक्कांचं होतं.

अक्कांनी हातातला फोन टेबलावर पालथा ठेवला. "बरं. आणि कुलूप कुणी घातलंय?"

यादीतली पहिली ओळ. दहा चाळीसला उघडलेली दुरुस्ती, शेजारच्या टेबलावरून. शेजारचं टेबल अक्कांचं. त्यावर चष्म्याचं घर, पेन, आणखी काही नाही.

"अक्का," मी हळूच विचारलं, "पेला कुठाय?"

त्यांनी कपाळावर हात मारला. "वर! चूळ भरायला दिलाय त्याला!"

नोंदणीच्या खिडकीवर भावाचं वय बावन्नऐवजी पाच पडलं होतं. रक्ताचे आकडे लहान मुलाच्या मापानं तपासले जाऊ नयेत म्हणून, मी चहाला गेलो होतो तेव्हा, अक्का सकाळी खाली येऊन गेल्या. नियमानुसार पेला ठेवला, वय बदललं. तेवढ्यात भावाचा फोन, "अक्का, मी निघालो." दुरुस्ती पक्की करायची राहिली, आणि पळता पळता हाताला आला तो पेला त्यांनी उचलला.

अक्का बसल्या आणि दुरुस्ती पक्की करायचं एकच बटण दाबलं. वीसच्या वीस ओळी झटक्यात पुसल्या गेल्या. रिपोर्ट पटापट उमटू लागले. घड्याळात बारा बावीस. फोन वाजला, वरून सिस्टर म्हणाल्या, "दिसला हो रिपोर्ट. सगळं ठीक आहे, पेशंटला घेतोय."

अक्का इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. मला वाटतं, त्यातलं थोडं हसण्याचं नव्हतं.

"म्हणजे माझा बदल निर्दोष?" मी विचारलं.

"तो मी अजून वाचलेला नाही," अक्का डोळे पुसत म्हणाल्या. "साहेब, बिघाडाच्या वहीत माझं नाव घाला. मोठ्या अक्षरांत."

साडेतीनला भाऊ बाहेर आला, सात खडे बाटलीत ठेवून. मी वर गेलो तेव्हा तो अर्धवट शुद्धीत होता आणि अक्का त्याचा हात धरून बसल्या होत्या. मी कपाटावरचा पेला उचलला, त्यातलं पाणी बेसिनमध्ये ओतलं, आणि सिस्टरदेखत अक्कांच्या डोक्यावर अलगद पालथा घातला. अक्का हलल्या नाहीत.

भावानं एक डोळा उघडला. "अक्का," तो पुटपुटला, "शोभतंय गं."