खडवलीची वरच्या मजल्यावरची खोली

माझ्या पत्नीला अर्धांगवायूचा झटका आला, त्याला आठ महिने होत आले होते. पाय हळूहळू हलू लागला, काठी घेऊन ती घरात फिरू लागली. पण वाचा गेली ती गेलीच. तिला सगळं समजायचं, तोंडातून मात्र एक शब्द फुटत नसे. मी निवृत्त मास्तर. रोज सकाळी चित्रांचं पुस्तक उघडून पाणी, ताट, खिडकी असे शब्द तिच्याकडून वदवून घ्यायला बसायचो. ती डोळे मिटून घ्यायची. मी आणखी मोठ्याने म्हणायचो. घरातली पूजा तिची असे. तिच्या आजारपणात मी देवघराला हातही लावला नव्हता. जिने एवढी वर्षं नेमाने फुलं वाहिली तिचाच आवाज देवाने का काढून घेतला, हे कळेपर्यंत हात जोडायचे नाहीत, असं मी ठरवलं होतं.

आजारी पडण्याआधी तिने एक सहल आखली होती. अंबरनाथचं शिवमंदिर, टिटवाळ्याचा गणपती आणि मग खडवलीला नदीकाठी एक मुक्काम. मुलगा म्हणाला, आईला झेपणार नाही. मी म्हटलं, तिचं एवढं तरी पुरं करायचंच. मे महिन्यातल्या एका सकाळी ठाण्याजवळ बाळकुमला आमचं घर, तिथून गाडी काढली. अंबरनाथला गाभारा खाली आहे. त्या पायऱ्या तिला उतरता येईनात. ती सभामंडपात बसून खांबांवरची शिल्पं पाहत राहिली. टिटवाळ्याला रांगेतल्या लोकांनी आपणहून वाट करून दिली. तिने डाव्या हाताने लुळा उजवा हात उचलला आणि गणपतीपुढे दोन्ही हात जोडले. मी दुसरीकडे पाहिलं.

खडवलीला पोचलो तेव्हा उन्हं उतरत होती. तिथल्या लॉजवाल्याने फोनवर मला तळमजल्यावरची, नदी दिसणारी खोली कबूल केली होती. प्रत्यक्षात ती एका लग्नाच्या मंडळींना देऊन टाकलेली. उरली होती ती वरच्या मजल्यावरची, सोळा पायऱ्या चढून जायची. भिंतींना ओल, गादीला कुबट वास, आणि खिडकी उघडली की हातभर अंतरावर शेजारची भिंत. मॅनेजर शांतपणे सांगत होता की याहून दुसरं काही नाही. माझा तोल गेला. आठ महिन्यांत जे कुणाला बोललो नव्हतो ते सगळं त्या बिचाऱ्याला बोललो. आता सरळ घरी परतायचं, असं ठरवून खाली आलो.

हिला मी झाडाखाली, गाडीचं दार उघडं ठेवून बसवलं होतं. शेजारी एक म्हातारी गाववाली करवंदांची पाटी घेऊन टेकली होती. नदीकडच्या देवळात सांजआरतीची घंटा वाजत होती आणि म्हातारी बसल्या जागी टाळ्या वाजवत गणपतीची आरती म्हणत होती. मी चार पावलांवर आलो आणि थबकलो. आवाज दोन होते.

शब्द अडखळत होते, मधले काही गळत होते, पण ते शब्दच होते, आणि माझ्या पत्नीच्या तोंडून येत होते. मी धावत गेलो. म्हातारीने हात वर केला. “गप ऱ्हा जरा, दादा. बाय गाते.”

पण माझ्यातला मास्तर कुठला गप बसायला! मी गुडघ्यावर बसून म्हटलं, “पाणी म्हण. म्हण, पाणी.” तिचे ओठ थरथरले आणि मिटले. डोळ्यांत रोज सकाळी पुस्तकापुढे दिसायची तीच भीती उतरली. तिला भीती माझी वाटत होती, आजाराची नव्हे, हे मला त्या क्षणी दिसलं.

म्हातारी रागावली नाही. हळूच म्हणाली, “तिला इचारू नको. तिच्यासंगं म्हण.”

देवापुढे तोंड उघडायचं नाही, हा हट्ट आठ महिने सांभाळलेला. पण ती माझ्याकडे पाहत होती. मी घसा खाकरला आणि बेसूर आवाजात आरती सुरू केली. दुसऱ्या ओळीला तिचा आवाज माझ्या आवाजात मिसळला. कुणी कुणाला सावरलं, मला सांगता येणार नाही.

म्हातारीने हिच्या ओंजळीत करवंदं घातली, पाटी उचलली आणि गावाच्या वाटेला लागली. मी गाडीची किल्ली काढली तेव्हा हिने माझी बाही ओढून वरच्या खोलीकडे बोट दाखवलं. तिला राहायचं होतं. एकेक पायरी, एकेक ओळ, असे आम्ही सोळा पायऱ्या चढलो. त्या कुबट खोलीत मला कित्येक महिन्यांनी गाढ झोप लागली.

नंतर डॉक्टरांनी सांगितलं, बोलणं गेलं तरी काहींचं गाणं शाबूत राहतं. असेल तसं. ती खोली मनासारखी मिळाली असती, तर आम्ही दार लावून आत बसलो असतो, एवढंच मला ठाऊक आहे. प्रयत्न मी सोडलेले नाहीत. फक्त फळ कुठल्या दाराने यावं, हे ठरवायचं सोडून दिलं. चित्रांचं पुस्तक कपाटात गेलं. आता दिवेलागणीला आम्ही देवघरापुढे बसतो. मागच्या आठवड्यात मी आरतीतली एक ओळ गाळली. ती थांबली, माझ्याकडे वळून स्पष्ट म्हणाली, “चुकलं.”

मी हात जोडले आणि ती ओळ पुन्हा म्हटली.