डोंगराकडचं रक्त

"हालाडू नका, यामा जीव शे!"

रक्ताची नळी कुणी हातात घेतली की अक्का अहिराणीत ओरडायच्याच. शिपाई असो नाहीतर आमचे डॉक्टरसाहेब, सूट कुणालाच नव्हती. प्रत्येक दवाखान्यात अशी एक नर्स असते, तुम्हीही पाहिली असेल.

धुळ्याच्या आमच्या प्रयोगशाळेत गरोदरपणातल्या मधुमेहावर काम चाललं होतं. पोटातल्या बाळाला पोसणाऱ्या वारेतल्या पेशी आईच्या रक्तात अतिसूक्ष्म पुड्या सोडतात. त्यांवरून साखर वाढण्याआधीच काही कळतं का, ते आम्ही शोधत होतो. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून रक्त आणायचं काम अक्कांचं. आधी समजावून सांगत, मगच सुई काढत.

"तुमनी वार रगतमा चिठ्ठ्या धाडस. त्या आमले वाचान्या शेतस."

बायका हसत आणि हात पुढे करत.

या कामाचा त्यांनी ध्यास घेतला तो एका पोरीमुळे. साखरेची तपासणी म्हणजे उपाशीपोटी ग्लुकोजचं गोड पाणी प्यायचं आणि दोन तास थांबायचं. त्या पोरीला ते पाणी उलटून पडलं. पुन्हा थांबली तर गावची एसटी चुकणार, म्हणून ती निघून गेली. साखर कळली ती नवव्या महिन्यात, मूल गेल्यावर. अक्का हा विषय काढत नसत. दुसऱ्या कुणी काढला तर उठून जात.

एका बैठकीत साहेबांनी गावाकडच्या नळ्या रद्द केल्या. त्यांचंही चूक नव्हतं. रक्त एसटीत हिंदकळलं, मशीनवर फिरवून त्यातल्या पेशी वेगळ्या करायला उशीर झाला, की त्या फुटतात आणि मोजणी बिघडते.

"यापुढे फक्त शहरातल्या बायका घ्या," साहेब म्हणाले.

"मंग मशीनच तिकडे न्या," अक्का म्हणाल्या.

"अहो, मशीन नाजूक आहे. रस्ता पाहिलाय ना?"

"त्याच रस्तावर पोटुशी बाई येस. ती नाजूक नही का?"

साहेबांनी जीपचा अर्ज मागवला. नमुन्यांची नोंद ठेवणारा मी वहीत तोंड खुपसून बसलो होतो. मला विचारलं असतं तर मी साहेबांचीच री ओढली असती.

पुढच्या आठवड्यात मशीन जीपमधून निघालं. खाली गादी, शेजारी दोन्ही हातांनी ते धरून बसलेल्या अक्का, आणि ड्रायव्हरला वाटभर दम. आरोग्य केंद्रातलं टेबल डुगडुगत होतं, तर त्यांनी मशीन दगडी ओट्यावर मांडलं. रक्त तिथेच काढलं, तिथेच फिरवलं. एका बाईने विचारलं, यातून मला काय मिळणार? अक्का खोटं बोलल्या नाहीत.

"तुले काही नही. पन नवी तपासणी निंघी तवय तिनामा आपलं रगत पाहिजे."

दोन वर्षांपूर्वी अक्का हृदयविकाराने गेल्या. त्या पुड्यांचं अजून पक्कं काही ठरलेलं नाही. आमच्याकडे नवे साहेब आलेत. गेल्या महिन्यात त्यांनी पुढच्या टप्प्याचा कागद माझ्यापुढे सरकवला: गावाकडचे नमुने त्रासाचे, सबब वगळावेत. खाली माझ्या सहीची जागा. अक्का असत्या तर मला तोंड उघडावंच लागलं नसतं. त्या गेल्याचा मला त्या क्षणी चक्क राग आला.

मी पेनाला टोपण लावलं.

"सर, मी सही करणार नाही," म्हणालो. "जीप कधी मिळेल तेवढं सांगा."