बोटांची रजा

कापसाची गाडी फाटकातून आत आली की मी आधी बैलांकडे बघायचो, मग गाडीवानाकडे. कापसाकडे बघायची मला गरजच नव्हती. हात कोपरापर्यंत गाडीत खुपसायचा, तळातला मूठभर कापूस उपसायचा, सरकीपासून थोडी रुई ओढून दोन्ही हातांच्या चिमटीत धरायची आणि हलकेच ताणायची. तंतूंच्या तुटलेल्या पेंजा एकमेकींवर ठेवून पुन्हा ताणायच्या. तीन-चार वेळा असं केलं की धागा किती लांब, किती मजबूत, माल किती ओला, गाडीवानाने वाटेत पाणी शिंपडलंय की नाही, हे सगळं बोटं सांगायची. मी फक्त तोंडाने बोलायचो. मलकापूरच्या एका जिनिंग फॅक्टरीत मी अकरा हंगाम हे काम केलं होतं. लोक मला पारखी म्हणत, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा माज होता. डोळे मिटून कापसाचं गाव ओळखून दाखवायची पैज लावून मी चहावाल्याकडे कित्येकांच्या पैशाने चहा प्यायलो होतो.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली असतील. पौषातल्या एका सकाळी सोनाळ्याहून आलेल्या गाडीत मी हात घातला, रुई ताणली आणि काहीच कळलं नाही. पुन्हा ताणली. हातात कापूस आहे एवढं कळत होतं. तो चांगला की वाईट, लांब की आखूड, त्याचं काही कळेना. गाडीवान माझ्या तोंडाकडे बघत उभा होता. सोनाळ्याचा माल बरा असतो, एवढ्यावर मी त्याला दर्जा सांगून टाकला.

तसं बघितलं तर बिघाड दिवाळीपासूनच होता. उठावंसं वाटायचं नाही. दाढी आठ-आठ दिवस राहायची. भाकरी गिळायचो, पण ती ज्वारीची की बाजरीची हे विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. चहावाल्याकडे जाणं बंद झालं. मी मूळचा तापट माणूस. हमालाने पोतं आडवं टाकलं तरी माझा आवाज फाटकापर्यंत जायचा. त्या दिवसांत मला रागसुद्धा येईना, आणि फॅक्टरीतले लोक म्हणू लागले की पारखी सुधारला. ते ऐकूनही मला हसू आलं नाही.

पुढचे वीस-एकवीस दिवस मी गावावरून दर्जा सांगत राहिलो. सोनाळा म्हटलं की पहिला, वरवट बकाल म्हटलं की दुसरा. शेवटी एका कापडगिरणीने आमच्या रुईच्या गठाणी परत पाठवल्या. शेठजींनी मला बोलावून विचारलं. मी खरं ते सांगितलं की बोटं मेली आहेत, त्यांना काही समजत नाही.

शेठजी बसल्या जागी मागे सरकले. मुनीमजींनी दौत उचलून लांब ठेवली. त्या काळात आमच्याकडे बोट बधिर झालं म्हटल्यावर कुणालाही एकच रोग आठवायचा, महारोग. आणि त्यांना कशाला नावं ठेवू, माझ्याही मनात तेच होतं. ज्या माणसाचं सगळं काम बोटांवर, त्याचं काम बिघडलं तर तो बोटांनाच धरणार. दुसरं काही बिघडू शकतं हे मला सुचलंच नाही. शेठजींनी सांगितलं, डॉक्टरचा कागद आणेपर्यंत मालाला हात लावायचा नाही. आणि गुढीपाडव्याच्या आत निकाल लागला पाहिजे, कारण पुढच्या हंगामाची बोलणी पाडव्याला होतात. त्या दिवशी दुपारी माझ्यासाठी पाण्याचा गडू वेगळा झाला.

बुलढाण्याच्या दवाखान्यात दर गुरुवारी महारोगाचे डॉक्टर बसत. बायकोला मी हे सांगितलं. गुरुवारी पहाटे तिने भाकरी बांधून घेतल्या आणि मोटारीत माझ्याशेजारी येऊन बसली. घाट चढताना मी हात धोतराच्या सोग्यात गुंडाळून ठेवले होते. तिने ते मोकळे केले आणि एक हात स्वतःच्या मांडीवर ठेवून घेतला. महारोग असेल तर तिला लागेल, ही भीती मला होती. तिला नसावी.

डॉक्टर चाळिशीचे, चष्मेवाले, पुण्याकडचं बोलणारे होते. त्यांनी माझ्या कानांच्या पाळ्या बघितल्या, कोपरामागची शीर चाचपली. मग डोळे मिटायला सांगितले आणि म्हणाले की मी जिथे स्पर्श करीन तिथे बोट ठेवा. कशाने स्पर्श करणार ते सांगितलं नाही. मी बोट ठेवत गेलो. करंगळी, अंगठा, तर्जनीचं टोक, तळवा. एकदाही चुकलो नाही. स्पर्श बारीक होत होत इतका बारीक झाला की माशी बसली असती तरी जास्त जाणवली असती. तरी मी चुकलो नाही. आणि असं चाललेलं असताना, मी ठरवलेलं नसताना, माझ्या तोंडून निघून गेलं:

"साहेब, हा कापूस आपल्या भागातला नाही."

डॉक्टर थांबले. मी डोळे उघडले तर त्यांच्या हातात दवाखान्याच्या पेटीतल्या कापसाची एक वात होती, टोकाशी चार-पाच तंतू उरलेली. त्यांनी वात खाली ठेवली. मग हळू आवाजात म्हणाले, "बोटं तर शाबूत आहेत. ती सांगतायत ते तुमच्यापर्यंत का पोचत नाही?"

मी तेहतीस वर्षांचा बाप्या, दाराबाहेर तीस माणसं रांगेत, आणि मी खुर्चीत बसून लहान पोरासारखा रडलो. तीन महिन्यांत पहिल्यांदा रडलो. एवढं साधं कुणी मला विचारलंच नव्हतं.

त्यांनी मला रडू दिलं, मग प्रश्न विचारायला सुरुवात केली. झोप किती लागते, भूक लागते का, कशात मन रमतं का, आधी काय आवडायचं. शेवटी, त्याच आवाजात, जगणं नकोसं वाटतं का, असं विचारलं. बायको कोपऱ्यात बाकड्यावर बसलेली होती. घरून फॅक्टरीकडे जाताना रेल्वे फाटक लागायचं. तिथे मी रोज उभा राहायचो, आणि गाडी येऊन निघून गेल्यावरही उभाच राहायचो. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. मी खाली बघून होकाराची मान हलवली, म्हणालो, हाव.

मला वाटलं ती आता हंबरडा फोडणार. तिने भाकरीच्या गाठोड्याची सुटलेली गाठ पुन्हा आवळली आणि डॉक्टरांना म्हणाली, "मले ठाऊक होतं, साहेब. म्हून मी रोज सकाळी यांच्या मांगं रेल्वे फाटकापर्यंत, मंग फॅक्टरीपर्यंत जात होती. हे फॅक्टरीत शिरले का वापस येत होती."

मी तिच्याकडे बघितलं. मी गेल्यावर आई रोज चूल अर्धी टाकून जाते असं पोरं म्हणायची, म्हणून दोन महिन्यांत मी तिला टोकलंही होतं, आणि ती शेजारणीकडे जाते असं सांगायची. मी एकदाही मागे वळून बघितलं नव्हतं. माणसाच्या पाठीमागे एवढं काही चाललेलं असतं आणि त्याला त्याचा पत्ता नसतो, याचं मला त्या दिवशी जे वाटलं ते अजून ओसरलेलं नाही. देवळातही मला कधी तसं वाटलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, हा मनाचा आजार आहे. तापासारखाच आजार, त्याच्यावर औषध आहे. नव्या गोळ्या निघाल्या आहेत, दोन-चार आठवडे घेतल्याशिवाय गुण दिसत नाही, महिनोन्‌महिने घ्याव्या लागतात. नागपूरच्या एका मनाच्या डॉक्टरांचा सल्ला ते पत्राने मागवणार होते. दर गुरुवारी मी त्यांच्याकडे यायचं होतं. मग मी रजेचं आणि पगाराचं विचारलं. त्यांनी स्पष्ट सांगितलं की यंत्रात बोट तुटलं तर कायद्याने भरपाई मिळते, या आजाराला तसं काही नाही. ते फक्त कागद देऊ शकत होते. कागद इंग्रजीत लिहून त्यांनी मला मराठीतून वाचून दाखवला. महारोग नाही. मनाचा आजार आहे. तीन महिने कामावर घेऊ नये. बरा होईल.

ते शेवटचे दोन शब्द मी त्यांना पुन्हा वाचायला लावले. आणि खरंच तसं झालं, फक्त तीनच्या जागी पाच महिने लागले. आधी भाकरीची चव परत आली, मग राग परत आला. वरणातल्या मिठावरून मी घर डोक्यावर घेतलं त्या दिवशी बायको तोंडाला पदर लावून इतकी हसली की मला आणखीच राग आला.

पण ते नंतरचं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कागद घेऊन फॅक्टरीत गेलो तेव्हा शेठजी यायचे होते. मुनीमजींना इंग्रजी येत होतं. त्यांनी कागद वाचला, इकडेतिकडे बघितलं आणि मला मागच्या कोठीत नेलं. ते पन्नाशीचे, कमी बोलणारे गृहस्थ. म्हणाले, "हे कोणाले दाखवू नको. महारोगाचा माणूस बरा झाला म्हून लोकं मानते, डोक्याचा नाही मानत. तुही पारखीची जागा जाईन, आन्‌ पोराबाळायचे लग्नं अडतीन." त्यांनी उपाय तयारच ठेवला होता. रेच्यात, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रात, बोट सापडलं असं नोंदवायचं. पट्टी बांधायची. ओळखीच्या डॉक्टरचा दाखला ते आणणार. पगारी सुट्टी मिळेल, वर कायद्याने चार पैसेही मिळतील.

मला ते पटलं. लाज वाटली, पण पटलं. त्यांनी कपाटातून पट्टीची गुंडाळी काढली आणि माझी तर्जनी नीट, हळुवार बांधून दिली. शेठजी आले. माझं बोट बघून त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. रेच्यात आलं का, त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडलं, आणि मला बायको दिसली. रेल्वे फाटकापाशी, माझ्या पाठीमागे, पदर घट्ट धरून उभी. ती रोज कशाच्या मागे चालत होती? या बोटाच्या? मी तिथेच पट्टी सोडायला लागलो. मुनीमजी खाली बघत राहिले. सगळी पट्टी सुटल्यावर मी चांगलं धडधाकट बोट शेठजींपुढे धरलं आणि खिशातला कागद त्यांच्या गादीवर ठेवला. म्हणालो, "बोटाले काई झालं नाही, शेठजी. माह्यं मनच बिमार हाय."

त्यांनी कागद मुनीमजींकडून दोनदा वाचून घेतला.  मग त्यांनी विचारलं की तीन महिने म्हणजे तीनच का. मी म्हणालो, जास्तही लागतील. त्यांनी पानसुपारीचा डबा उघडला, पान न लावताच मिटला. शेवटी म्हणाले की अर्धा पगार चालू राहील, पाडव्याला दुसरा पारखी घेणार नाही, हंगाम संपेपर्यंत माल ते स्वतः बघतील. फक्त ही गोष्ट गिरणीवाल्यांच्या कानावर जाता कामा नये, नाहीतर पुढच्या गठाणीही परत येतील. एवढं बोलून ते उठले आणि पाण्याच्या माठाकडे गेले. वेगळा ठेवलेला माझा गडू त्यांनी उचलला, त्यानेच पाणी घेतलं आणि प्यायले.  त्या माणसाला मी अकरा वर्षं चिक्कू म्हणत आलो होतो.

फाटकाबाहेर पडलो तर मागून हाक आली. मुनीमजी होते. चालत चालत फाटकापासून बरेच लांब आले. दरवर्षी आषाढात ते महिनाभर रजेवर जात. मूळव्याधीची रजा. आम्ही सगळे त्यावरून त्यांची टर उडवायचो, आणि सगळ्यात जास्त मी. त्यांच्या हातात पट्टीची गुंडाळी अजून तशीच होती.

"मले मूळव्याध नाही," ते म्हणाले. "कधीच नव्हती. बावीस साल झाले."

 बावीस वर्षं हा माणूस दरसाल एक खोटा दाखला आणून, आमचे टोमणे ऐकून, महिन्याने परत येऊन गुपचूप कामाला लागत होता. मला त्यांच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. ते रस्त्याकडे बघत होते.

"गुरवारी तू जाशीन," ते म्हणाले, "तवा मी बी येऊ का?"

मी म्हणालो, या. मोटार सहा वाजता सुटते, मी तुमची जागा धरून ठेवतो.