दार न उघडणारी आई

आमच्या छत्रीबाग मोहल्ल्यातल्या हौशी नाटकमंडळात प्रॉम्प्टिंग करणाऱ्या बाई शहराबाहेरच्या राऊहून स्कूटरवर येतात. कोणी वाक्य विसरलं की हळूच सांगतात. कोणी फारच चुकलं तरी "कोई बात नहीं, परत घ्या," एवढंच म्हणतात. दोन वर्षांत त्यांना कुणाबद्दल वाईट बोलताना मी ऐकलं नाही.

यंदा बसवलेल्या जुन्या नाटकात पळून जाऊन लग्न केलेली मुलगी परत येते आणि आई दार उघडत नाही. आईचं काम माझ्याकडे होतं. दिग्दर्शक म्हणाले, "ही बाई दगड आहे. तशीच करा."

मी तशीच केली. बाईंनी वही मिटली आणि दिग्दर्शकांकडे बघितलं.

"दगड नाहीये ती, भिया. ती आत कडीवर हात ठेवून उभी आहे. लोक काय म्हणतील, या भीतीनं हात हलत नाहीये तिचा."

"तुम्हाला कसं माहीत?" मी हसत विचारलं.

"मी उभी होते ना."

बाईंनी पर्समधून फोन काढला. "आत्ता नाही लावला, तर परत हिंमत नाही होणार," त्या म्हणाल्या. घाईत चुकून फोन स्पीकरवर गेला. दोनदा नुसती रिंग वाजून बंद झाली. तिसऱ्यांदा आवाज आला, "हॅलो, कौन?"

त्यांच्या मुलीनं आईचा नंबर केव्हाच पुसून टाकला असावा.

"आई बोलतेय."

पलीकडून काहीच ऐकू येईना. फोन मात्र तिनं ठेवला नाही.