तीनदा टीप मारलेला टॉप

ती विद्यापीठाच्या परीक्षा विभागात कामाला होती. निकालपत्रकावरच्या गुणांची बेरीज बरोबर आहे का, ते पाहायचं, एवढंच काम. बेरीज एकदा तपासावी असा नियम होता. ती तीनदा तपासायची. बावीस वर्षांत तिच्या हातून एक चूक सुटली नव्हती आणि एक पत्रक वेळेवर गेलं नव्हतं. घरीही तोच कारभार. गॅस बंद आहे का, हे बघायला ती अर्ध्या जिन्यातून परत यायची, आणि मग फाटकाशी पोचल्यावर नवऱ्याला पुन्हा वर पिटाळायची. तो पहिल्या मजल्याच्या वळणावर दोन मिनिटं उभा राहून खाली यायचा आणि "बंद आहे" म्हणून सांगायचा. त्याची ही लबाडी तिला ठाऊक होती. तरी कोणीतरी जाऊन आलं म्हटल्यावर तिला बरं वाटायचं. आता याला काय म्हणावं, ते तिचं तिलाच कळत नसे.

अशा बाईची मुलगी आईला काही सांगेनाशी झाली, यात नवल नव्हतं. "तुला सांगितलं की तू काळजी करतेस, आणि मग तुझी काळजी मला निस्तरावी लागते," असं ती एकदा म्हणाली होती. त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून तिचं घरातलं बोलणं "हो", "नाही" आणि "माझा चार्जर कुठंय" एवढ्यावर आलं होतं. म्हणून मंगळवारी संध्याकाळी ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, तेव्हा आईने आधी गॅस बंद केला आणि मग वळून पाहिलं.

"आई, मला एक टॉप शिवून देशील?"

मुलगी व्यायाम शिकवायचं शिकली होती. रविवारपासून सकाळी एका हॉलमध्ये ती म्हाताऱ्या माणसांचा वर्ग घेणार होती. विकतचे टॉप घातले की हात वर करताच पोट उघडं पडायचं. जे पोट झाकायचे ते तंबूसारखे दिसायचे. "साधा, गोल गळ्याचा, अर्ध्या बाहीचा. टी-शर्टच्या कापडाचा. जमेल ना?"

"न जमायला काय झालं?" आई म्हणाली.

जमण्यासारखं तिने आजवर काय शिवलं होतं? उशांचे अभ्रे. पडदे. आणि मुलगी चार वर्षांची असताना एक फ्रॉक, ज्याच्याबद्दल घरात कोणी बोलत नसे. पण पोरीने दोन वर्षांत पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं. हे फसलं तर ती पुन्हा तोंड उघडणार नाही, एवढं आईला स्वच्छ दिसत होतं. त्या रात्री तिला झोप आली नाही. अर्थात, ती तशीही येत नसे.

कापडाच्या दुकानातल्या बाई मोठ्या समजूतदार होत्या. त्यांनी गडद निळं कापड दोन्ही हातांनी ताणून दाखवलं. "हे बघा ताई, आडवं जास्त ताणतंय ना? ही बाजू अंगाभोवती यायला हवी. मुलीचा नीट बसणारा एक जुना टॉप कागदावर ठेवा नि आखून घ्या. सुई गोल टोकाची घ्या, नाहीतर भोकं पडतील. आणि टीप सरळ मारू नका, झिगझॅगच मारा. कापड ताणलं की दोराही ताणला गेला पाहिजे."

"आणि मजबुतीसाठी वरून एक सरळ टीप मारली तर?"

"नका मारू."

"अगदी बारीक?"

"ताई," बाई म्हणाल्या, "नका."

आईने मान डोलावली. सगळं चिठ्ठीवर लिहून घेतलं, वाचून दाखवलं, बरोबर आहे ना म्हणून विचारलं. घरी आल्यावर कागद आखला, कापड कापलं, आणि खांदे जोडायला मशीनवर बसली. झिगझॅग टीप बघताच तिचा जीव खालीवर व्हायला लागला. इतकी सैल, इतकी नागमोडी! भर वर्गात पोरीचा टॉप उसवला तर? हॉलभर म्हातारी माणसं बघत असताना? तिने मशीनचं बटण फिरवून सरळ टिपेवर आणलं. एकदा मारली. मग तिच्यावर दुसरी. मग, आता इतकं केलंच आहे तर, तिसरी. गळ्याला आणि काखांनाही तसंच.

शनिवारी सकाळी मुलीने टॉप डोक्यात घातला. कपाळापर्यंत आला, कानांवर अडला.

"आई, हा गळा आहे की बाटलीचं तोंड?"

"जरा ओढ ना. ताणाचं कापड आहे ते."

मुलीने ओढला. तट तट तट तट असा आवाज झाला आणि गळ्याची पट्टी एका बाजूने सुटून लोंबायला लागली. मग टॉपमधूनच आवाज आला, "बाबा, मला बाहेर काढा."

बाबा हसता हसता खुर्चीवरून उठले. लेकीला सोडवून त्यांनी टॉप उजेडात धरला. "अगं, ही शिलाई आहे की निकालपत्रक? तीन-तीनदा तपासलंयस!"

मुलगी हसली नाही. "राहू दे आई. मी जुनाच घालीन," एवढंच म्हणून खोलीत गेली. दार आपटलं असतं तर बरं झालं असतं. तिने ते हळूच लावलं.

दुपारभर नवराबायको उसवत बसले. तिसरी टीप काढेपर्यंत त्याची मान आखडली. "पुढच्या वेळी सिमेंट वापर, काढायला सोपं जाईल." चिठ्ठी समोर ठेवून तिने गळ्याची पट्टी गळ्यापेक्षा आखूड कापली, ताणून ताणून जोडली, आणि झिगझॅग मारली. खांदे, बाह्या, कडा, सगळं झिगझॅग. फक्त दोन्ही काखांतली बोटभर जुनी टीप तिने उसवली नाही. ताण तिथेच पडतो, म्हणून. नवऱ्याला सांगितलं नाही.

संध्याकाळी मुलीने टॉप घातला. डोकं अलगद बाहेर आलं. ती आरशापुढे वळली, पुन्हा वळली. "हं," म्हणाली. खालची कड जरा लाटेसारखी झाली होती. तेही तिने पाहिलं आणि सोडून दिलं.

रविवारी सकाळी निघताना दारातच तिने दोन्ही हात ताडकन वर केले. तट्.

डावी काख. तीनदा टीप मारलेली, बरोबर तीच जागा.

आई शिवणाच्या डब्याकडे धावली. "काढ, मी लगेच..."

"काढत कुठे बसू? अंगावरच शिव."

आईने सुईत दोरा ओवला, दोन टाचण्या ओठांत धरल्या. मुलगी हात चौकटीला टेकवून उभी राहिली. सुईच्या टोकाशी पोरीची कातडी.

"आई," मुलगी भिंतीकडे बघत म्हणाली, "कोणी आलंच नाही तर?"

आईकडे या प्रश्नाची निदान पंधरा उत्तरं तयार होती. कोणी आलं आणि घसरून पडलं तर, इथपासून त्यांची सुरुवात होत होती. पण ओठांत टाचण्या होत्या.

"ह्म्," ती म्हणाली.

"सात जणांनी नावं दिलीत. त्यातले दोघं नवराबायको. ते भांडले की एकदम दोन गेले."

"ह्म्."

"आणि आवाज चिरकला तर? काल संडासात सराव केला मी. उंदरासारखा येतो."

टाका पुरा झाला होता. गाठही मारून झाली होती. मुलीने मान वळवून विचारलं, "झालं का गं?"

आईने मानेनेच नाही म्हटलं आणि सुई पुन्हा कापडात घातली. मुलगी हात तसाच वर धरून पुढे सांगायला लागली.